चार साधे प्लग

गाडी विकायची हे हर्षलानं ठरवलं होतं आणि गिऱ्हाईकही तिनंच शोधलं होतं. पनवेलचे कुणी योगेंद्र रविवारी दहाला दहिवलीला येणार होते. तोवर गाडी चालू करून ठेवायची, एवढंच काम तिच्या नवऱ्याकडे, रूपेशकडे होतं.

गाडी जपानी. एका बंगलेवाल्याकडून ती घेतल्यावर रूपेशनं तिला टर्बो बसवला, सायलेन्सर बदलला आणि शर्यतीच्या गाड्यांचे महागडे स्पार्क प्लग परदेशातून मागवले. एवढं करूनही ती नेमकी चारफाट्यावर बंद पडायची. दोनदा हर्षलानं पदर खोचून ती ढकलली होती. तिसऱ्यांदा ती गाडीत बसलीच नाही.

शनिवारी गजा मेकॅनिकनं काजळीनं काळे झालेले चारही प्लग काढून फडक्यावर ठेवले.

"शेट, असले परत यायला पंधरा दिवस. खोपोलीत साधे मिळतील. यातल्या एकाच्या पैशात चारी येतील, वर भजी."

"साध्यांवर चालंल का रं?"

"कशी चालंल? टर्बो हाय. झटके मारंल."

झटके मारणारी गाडी कोण घेतंय? रूपेशचा चेहरा उजळला. "घाल साधेच," तो म्हणाला.

रविवारी योगेंद्र वेळेवर आले. "चौक गावापर्यंत चालवून बघतो," म्हणून स्टिअरिंगवर बसले. रूपेश काहीबाही बोलून सौदा मोडेल, या धास्तीनं हर्षला पुढं बसली. रूपेश मागं. योगेंद्रांनी चावी फिरवली तसे त्यानं डोळे मिटले.

इंजिन अर्ध्या फेऱ्यात सुरू झालं.

चारफाटा आला आणि गेला. चढ आला, तोही गेला. रूपेशला घाम फुटला.

"पेट्रोल लय पिते हो ही," तो मागून म्हणाला.

"पिऊ दे," योगेंद्र म्हणाले.

"पार्ट मिळत नायत."

"मिळवू."

लोधिवलीला गाडी हळू झाली. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या इंदूमावशीनं मान वर केली.

"हर्षला, कुनाची गं गाडी?"

हर्षलानं काच पूर्ण खाली केली. "आमचीच, मावशी."

परतीच्या वाटेवर तिनं काच वर केलीच नाही. दारात उतरताच योगेंद्रांनी खिशातून चेकबुक काढलं. "मला पसंत आहे. ॲडव्हान्स आत्ताच देतो."

रूपेशनं गाडीच्या टपावर हात ठेवला.

"थांबा," हर्षला म्हणाली. "आमाला विकायची नाय."

योगेंद्र चडफडत गेले. रूपेशनं थेट गजाला फोन लावला.

"शेट, चुकलंच माझं," सगळं ऐकून गजा म्हणाला. "शर्यतीचे प्लग पळवून तापवायला लागतात, तवा काजळी जळते. आपल्या खड्ड्यांत तुमी तिसऱ्या गिअरच्या वर गेलाय कधी? हिला साधेच बरे."

रूपेश हसतच घरात आला. हर्षला गाडीची चावी पर्समध्ये टाकत होती.

"उद्यापासून चौकच्या शाळेत शिकवायला मी गाडीनं जानार," ती म्हणाली. "तुमी माझी स्कूटर घ्या."

"आनि रविवारी? रविवारी तरी चालवू देशील का गं?"

हर्षलानं थोडा विचार केला.

"रविवारी इंदूमावशीला कळंबला न्यायचंय. ती पुढं बसंल. तुमी या मागं."