कोर्टाच्या दारातली रांगोळी

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत तळमजल्यावर एक फ्लॅट आहे. दाराला कोर्टाचं सील. आत माणूस नाही, दिवा नाही, उंदीर तेवढे सुखात. आणि त्या दारात रोज सकाळी ताजी रांगोळी! काढणारे चौथ्या मजल्यावरचे मोहितेमामा. साताऱ्याकडचा गडी, उभा जन्म मार्केटात गोणी वाहिल्या. असा दांडगा माणूस उकिडवा बसून चिमटीनं ठिपके टाकतोय, हे बघून नवा दूधवाला पिशवी तिथेच विसरून गेला होता.

रांगोळी तरी कसली! गोगलगाय फिरून गेल्यासारखी. शेजारी भिंतीला टेकवलेला मोबाइल, आणि त्यातून वर घरी बसलेल्या मामींचा आवाज, "आवं, डावीकडं! किती येळा सांगायचं!"

तर भानगड अशी. फ्लॅट दोन भावांचा. ते भांडले, कोर्टात गेले. कोर्टानं फ्लॅट विकायला रिसीव्हर म्हणून आपला अधिकारी नेमला. मामांनी सगळ्यात मोठी बोली लावली, होती नव्हती ती पुंजी भरली, आणि धाकट्या भावानं हरकत घेतली. झालं! तेव्हापासून तारखांवर तारखा. घर आतून एकदाच बघायला मिळालं, तेही वीज तोडलेली म्हणून टॉर्चच्या उजेडात; मामींनी तर वर बसून फोनवरच पाहिलं. मोरी कुठे आहे, यावरून मामा-मामींचे अजून वाद चालतात.

विक्रीच्या कागदात एक अट होती. घर 'जसं आहे, जिथं आहे' घ्यायचं, मागून कुरकुर चालणार नाही. मामांना ती अट जाम आवडली. वांगं किडकं निघालं? "जसं हाय, जिथं हाय!" जावई आळशी? "जसा हाय, जिथं हाय. बघूनच घेतलाय न्हवं?" मीटिंगमध्ये मी आवाज चढवला की माझ्याकडे बोट दाखवून तेच. मी सेक्रेटरी आहे हो या सोसायटीचा!

एकदा रिसीव्हरचा माणूस सील तपासायला आला आणि भडकला. "कोर्टाच्या दारात रांगोळी? हा ताबा सांगायचा प्रकार झाला!" बोलणी मी खाल्ली. मग मामांना झापलं, "कशाला नसती लफडी, मामा? तिकडे नावडे गावात घर बघा ना. लिफ्टवाल्या नव्या बिल्डिंगी झाल्यात."

मामा खाली बघत म्हणाले, "तिला हितलीच मान्सं पायजेत, सेक्रेटरी. गुडघे गेल्यापास्नं खाली उतरली न्हाई. कुणाला न इचारता दारात येऊन बसता यावं तिला, येवढंच पायजे मला."



मामीही हट्टी. मामा पाठीवर घेऊन उतरवायला तयार, पण ह्यांचं एकच, "खाली उतरीन ती माझ्या घरात पाय ठिवायलाच."

गेल्या महिन्यात निकाल लागणारच, असं वकील छातीठोक म्हणाला. मामांनी पेढे आणून ठेवले. पुन्हा तारीख पडली. दुसऱ्या सकाळी दारात रांगोळी नाही. मामा खाली आलेच नाहीत. मला चैन पडेना. वर जावं म्हणून निघालो, तर जिन्यात आरडाओरडा, "हळू! मी काय कांद्याची गोण हाय?"

मामी मामांच्या पाठीवर!

"गोणी येवढ्या बोलत न्हवत्या," मामा धापा टाकत म्हणाले.

मी धावत बुटकं स्टूल आणलं. मामींनी सीलकडे बघितलंसुद्धा नाही. वाकून सरसर रांगोळी काढली. अहाहा, काय हात! मग तिथेच बसून राहिल्या. भाजीवाली थांबली, बायका जमल्या, पेढे संपले. दुपारी वर जायची वेळ आली तेव्हा मामींनी उंबऱ्यावरून हात फिरवला आणि त्या बंद दाराला म्हणाल्या, "येते हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूवाली रांगोळी पुसायला वाकली, तर मामा आडवे आले. वरून मामी चहाला हाका मारतायत, पण ह्यांच्या हातात ना फोन, ना रांगोळीचा डबा.

मी म्हटलं, "अहो मामा, कालची शिळी झाली. नवी काढा की."

"तिच्या हातची हाय, सेक्रेटरी." मामा रांगोळीशेजारी उकिडवे बसले. "ऱ्हाऊ द्या. जशी हाय, जिथं हाय."