परबकाकांचे डबे

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले परबकाका वड्याच्या गाडीवर उभे राहिले की वड्याकडे बघत नसत, कढईत बघत. तेल चांगलं काळं झालेलं दिसलं की त्यांचा चेहरा खुलायचा. मग गाडीवाल्याकडून ते जळकं तेल कॅनमध्ये भरून घ्यायचे आणि दोन्ही हातांनी सांभाळत घरी आणायचे.

रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला हा एकटा माणूस बाल्कनीत त्या तेलाचं डिझेल करायचा. "गावच्या विहिरीवर इंजिन आहे ना, त्याच्यासाठी," असं सांगायचे. तेलात कॉस्टिक सोडा आणि कुठलंसं स्पिरिट पडलं की वर डिझेल यायचं आणि खाली काकवीसारखं दाट ग्लिसरीन उरायचं. ते घेणारं कोणीच नव्हतं. पण काकांचं एकच म्हणणं, "टाकूचा नाय." त्याचा ते भांडी घासायचा लिबलिबीत साबण करायचे आणि स्टीलच्या डब्यांतून घरोघर पोचवायचे. "उरला म्हणून आणला," म्हणायचे आणि आतून कोणी 'बसा' म्हणेपर्यंत दारात उभे राहायचे.

साबण झकास होता, वासाचं सोडा. आता आलेला डबा रिकामा कसा परत करणार? माझी बायको सुमन त्यात थालीपीठ घालून पाठवायची. कितीही धुतला तरी डब्याचा वास थालीपिठाला लागायचाच. काकांनी कधी तक्रार केली नाही.

त्या वर्षी मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. बिनविरोध, कारण दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. रबरी शिक्का हातात आल्यावर मला जिकडेतिकडे धोका दिसू लागला. जिन्याखाली काकांचं ग्लिसरीनचं पिंप सापडलं.

"काका, याचा स्फोट होईल."

"ग्लिसरीनचा? अरे, लोक टाचांना लावतात ते. तू कॉमर्सवाला ना?"

हे चारचौघांत झालं. मी बाह्या सरसावल्या आणि सगळं पिंप गटारात ओतलं. काका "अरे, गोठेल ते, गोठेल," म्हणत राहिले. ते खरंच तुपासारखं गोठलं. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या एका न्हाणीघरात घोट्याएवढं पाणी उलटून आलं. ते न्हाणीघर माझंच होतं.

त्या पाण्यात उभ्या उभ्याच मी नोटीस लिहिली : 'परब यांचा साबण कोणीही घेऊ नये. त्यांचे डबे तात्काळ परत करावेत.' खाली दोन शिक्के मारले, एक उलटा.

आठवड्याने डिझेलचे कॅन हलवायला सांगायला त्यांच्या घरी गेलो. कॅन पलंगाखाली होते, माळ्यावर होते, देवघराशेजारीही होते. सगळे भरलेले, धुळीने माखलेले.

"हे गावी कधी पाठवणार?"

"कोणाला पाठवू? इंजिन भावाने केव्हाच विकलं."

"मग एवढं डिझेल करता कशाला?"

काका ओट्याकडे बघत होते. तिथे आठ डबे ओळीने उपडे घातले होते, लख्ख घासलेले. नोटिशीत तात्काळ होतं ना, लोकांनी घाईघाईत तसेच आणून दिले होते. त्यात आमचाही होता. तो मीच आणून दारात ठेवला होता, बेल न वाजवता.

"डिझेल केल्याशिवाय साबण उरत नाही रे," काका म्हणाले. "आणि काही उरल्याशिवाय कोणाच्या दारात जायचं कसं? डबा दिला की डबा येतो. कोणीतरी घेऊन येतं, दोन मिनिटं बसतं." मग हसले. "या खेपेला सगळे रिकामे आले."

मला माझीच लाज वाटली. कॅनचा विषय मी काढलाच नाही. आमचा डबा उचलून त्यांच्यापुढे धरला.

"काका, आमची कढई फार तेलकट झालीय."

त्यांनी कोपऱ्यातल्या पातेल्यातून डबा काठोकाठ भरला, झाकण दाबून बसवलं आणि म्हणाले, "सुमनला सांग, थालीपीठच घाल म्हणावं. आणि तू घेऊन ये. बेल वाजव."