कॅनडाला चालत वाट होती

आमच्या उचगावात तात्यांच्या गोठ्यावरून दूध आणायचं तर आधी समुद्र ओलांडावा लागतो. किटली घेऊन आलेल्या कुणालाच ते सुखासुखी सोडत नाहीत. त्यातून माणूस नवखा असेल तर विचारूच नका.

"पावणं, कॅनडाला चालत वाट हुती, ठावं हाय का?"

पावणं बिचारं अर्ध्या लिटरासाठी आलेलं. ते "न्हाय" म्हणतं आणि फसतं. तात्या घमेल्यात दोन विटा उभ्या करतात, मधे एक आडवी टाकतात आणि आडवी वीट बुडेपर्यंत पाणी ओततात.

"ह्यो रशिया. ही अमेरिका. मधी समिंदर. आता थंडी पडली, पाण्याचा बर्फ झाला, समिंदर खाली गेला." तांब्यानं पाणी उपसलं जातं, वीट उघडी पडते. "झाली का न्हाय वाट? ह्या वाटंनं पयली माणसं गेली. तवर तिकडं माणूसच नव्हता. जनावरं फुडं, माणसं मागं!"

उपसलेलं पाणी म्हशीला. तिलाही हा इतिहास आता पाठ असणार.

'जनावरं फुडं' हा तात्यांचा खास मुद्दा, कारण आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला सगळं उलटं. म्हशी नटवायच्या, मालकानं मोटरसायकल पुढं दामटायची आणि म्हशीनं मागं धावायचं. तात्यांचा मुलगा संजय गाडीवर असला की त्यांची म्हैस गर्दी फोडून त्याच्या मागं जायची. तो संजय आता कॅनडात आहे. तिथल्या मूळच्या लोकांबद्दल त्यानंच एकदा फोनवर सांगितलं होतं, की ते फार पूर्वी चालत आले म्हणे. एवढंच. बाकीचं तात्यांनी शाळेतल्या मास्तरांना भंडावून गोळा केलं.

एकदा मी विचारलं, "एवढं चालायला किती दिवस लागले असतील हो?"

"दिवस? पिढ्या गेल्या, पिढ्या! म्हातारी माणसं संगट हुती न्हवं? त्यांच्या चालीनं जायचं म्हंजे येळ लागणारच की."

हे कुठल्याच मास्तरांनी सांगितलेलं नव्हतं. तात्यांचा पासपोर्ट दोन वर्षांपासून तयार आहे, पेंडीच्या पोत्यांवरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. संजय दर रविवारी म्हणायचा, "पुढच्या वर्षी नेतोच तुम्हाला." हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी माती खाल्ली.

वर्तमानपत्रात काही वाचलं की ते दुसऱ्याला ऐकवल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका संध्याकाळी घमेल्यासमोर उभा राहून म्हणालो, "तात्या, आता काही जण म्हणतात, पहिली माणसं चालत गेलीच नाहीत. किनाऱ्याकिनाऱ्यानं होड्यांतून गेली असतील."

तात्यांचा तांब्या थांबला.

"होडीत जागा किती असती?"

"थोडीच असणार."

"मग म्हाताऱ्यास्नी कुठं बसवलं?"

मला वाटलं, प्रश्न इतिहासाचा आहे. "मागंच ठेवलं असेल. तरणीताठीच गेली असणार," मी ठणकावून सांगितलं.

"व्हय. तसंच आसंल," म्हणाले आणि धार काढायला बसले.

तेव्हापासून घमेलं भिंतीशी उपडं पडलं. दूध दोन मिनिटांत मिळू लागलं, गिऱ्हाइकं खूश झाली. मला मात्र त्या दुधाचा चहा गोड लागेना. पन्नाशी उलटलेला माणूस मी, पण एक वाक्य गिळता आलं नाही.

आठवड्यानं राहवेना म्हणून गेलो. "तात्या, मी चुकलो. होडीवाल्यांनीसुद्धा म्हाताऱ्यांना नेलंच असणार. नव्या मुलखात चार गोष्टी सांगायला कोण तरी नको का?"

तात्या हसले. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"संज्याचा फोन आल्ता. त्याची तिथं कायमचं ऱ्हायाची कागदं झाली. म्हणाला, तात्या, तुमास्नी हिकडची थंडी सोसायची न्हाय. खरं हाय त्येचं. आनि मागं बी कुनीतरी ऱ्हायाच लागतंय की. ही मुकी जनावरं होडीत कुठं मावत्यात?"

त्यांनी माझी किटली काठोकाठ भरून दिली. आणखी एकदा 'चुकलो' म्हणावंसं वाटलं, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.