देवमनची गाडी उचलली

देवमन भगतच्या गाडीला सगळं जांभळखेड 'बसकी' म्हणायचं. एके काळी ती मोठ्या रुबाबाची, चौकोनी तोंडाची, मागच्या दारातून माणसं आणि पोती सारख्याच मायेनं आत घेणारी जीपगाडी होती. देवमननं ती जुनीच घेतली आणि पुढेही तिला जुनं व्हायला भरपूर वाव दिला. गावातल्या बाळंतिणी, नवऱ्या मुली, सोयाबीनची पोती आणि वऱ्हाडी पाहुणे वाहून वाहून तिच्या मागच्या चाकांवरच्या कमानी बसल्या होत्या. मागून पाहिलं तर गाडी उकिडवी बसून कुणाची तरी वाट बघतेय असं वाटायचं. पण देवमनचा तिच्यावर भारी जीव. वर्षंच्या वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून दुसऱ्याच्या गाडीत उभ्यानं काढली की स्वतःच्या गाडीत बसून जाण्यात काय सुख असतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

गाडीचं आणि गावाचं नीट चाललं होतं. मग मालेगावच्या वाटेवरल्या नाल्यावर ठेकेदारानं पाइप टाकला, त्यावर मुरूम ओतला आणि तो दाबायचा विसरून निघून गेला. रस्त्याच्या मधोमध एक आडवा उंचवटा तयार झाला. गाव त्याला 'उंट' म्हणू लागलं. ट्रॅक्टर उंटावरून जाई, मोटारसायकल जाई, बैलांची बंडीही जाई. बसकीचं पोट मात्र उंटाच्या पाठीवर टेकायचं आणि चारी चाकं आपापल्या ठिकाणी उगीच फिरत राहायची. त्यावर उपाय एकच होता. उंट आला की देवमन गाडी थांबवून जुन्या सवयीनं ओरडायचा, "चला, उतरा, उतरा. गाडी पुढं थांबते." सगळे उतरून पायी उंट ओलांडायचे, रिकामी बसकी खरडत खरडत मागून यायची आणि मंडळी पुन्हा आत बसायची.

हे सगळ्यांनी सोसलं. सोसलं नाही ते देवमनच्या आईनं. केशरबाई मालेगावहून डोळे तपासून येत होत्या. उंटाशी उतरल्या, त्यांची एक चप्पल चिखलात रुतली आणि ती काढायला वाकताना त्या स्वतःच चिखलात बसल्या. उठल्यावर त्यांनी लेकाकडे पाहिलं नाही, गाडीकडे पाहिलं.

"मानसायले बसवते तिले गाडी म्हनते," त्या म्हणाल्या. "हे तर उतरवते. मी काही यंदा नागपूरले येत नाही."

केशरबाईंनी दीक्षाभूमीची वारी आजवर एकदाही चुकवली नव्हती. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून त्या पहिल्यांदा गेल्या, तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. पुढे रेल्वेनं गेल्या, ट्रकच्या टपावरून गेल्या, पोटात देवमन असतानाही गेल्या. आणि आता, लेकाच्या दारात गाडी उभी असताना, त्या घरी बसणार होत्या. धम्मचक्र प्रवर्तन दिन तर तीन दिवसांवर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला काही न सांगता देवमननं गाडी काढली आणि मालेगावला गोविंदसिंग मिस्त्रीचं गॅरेज गाठलं. गोविंदसिंग हा हातानं जितकं काम करायचा त्याच्या दुप्पट तोंडानं करायचा, पण हाताचं कामही अस्सल होतं, यात वाद नाही.

"पोट टेकून राह्यलं हिचं," देवमन म्हणाला.

गोविंदसिंगनं गाडीखाली डोकं घातलं आणि आतूनच बोलला, "भाऊ, हे गाडी बिमार नाई. हे उदास हाय. मागच्या कमानीत जादा पाटा टाकतो, पुढच्या स्प्रिंगाखाली ठोकळे देतो, टायर मोठे लावतो. उचलून देतो गाडी. मंग पाहा, उंट काय, हत्ती बी खालून जाईन."

आणि त्यानं ते करून दाखवलं. जॅक लागले, बोल्ट सुटले, नवा पाटा बसला. दुपार कलल्यावर गाडी खाली टेकवली तेव्हा ती आधीपेक्षा चांगली चार इंच उंच उभी होती. गोविंदसिंगनं खुशीत येऊन ती धुऊनही दिली. तिचा मूळ रंग पांढरा असल्याचं देवमनला तेव्हा कळलं. त्यानं तिथूनच बायकोला, सुकेशनीला, फोन लावला. मागे कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

"सुकेशनी, ऐक. मालेगावात हाय मी. गाडी उचलली."

"काय म्हनता?"

"गाडी उचलली आपली. पार उचलली. मायले सांग," देवमन म्हणाला, आणि तेवढ्यात त्याच्या मोबाइलची बॅटरी संपली.

मालेगावच्या गॅरेजात 'उचलली' म्हणजे उंच केली. जांभळखेडच्या घरात 'उचलली' म्हणजे चोरानं नेली. मागच्याच महिन्यात बाजारातून गावातल्या धनराजची मोटारसायकल उचलली होती आणि ती अजून सापडायची होती. सुकेशनी फोन हातात धरून दारात आली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, गाडी उचलली म्हनते कोनी."

केशरबाई ओट्यावर बसल्या. पुढ्यातला चहा त्यांनी बाजूला सारला. "म्या बोलली तिले," त्या म्हणाल्या. "चांगल्या गाडीले नको ते बोलली मी. किती झालं तरी आपल्या गावातल्या वराती तिनंच वाहिल्या."

बातमी शेजारी पंजाबरावांकडे गेली. पंजाबराव माजी सरपंच. ते पदावरून उतरले होते, पण हुकूम सोडायची सवय काही उतरली नव्हती. ते चपला घालतच आले.

"देवमन कुठं हाय?"

"मालेगावात. फोन बंद लागून राह्यला," सुकेशनी म्हणाली. "पोलिसायले सांगा ना भाऊजी."

"सांगू. चोर धरून सांगू. नुसतं सांगाले काय जाते?" पंजाबराव ओट्यावर बसले आणि विचार करू लागले. "आता पाय, चोर मेन रोडानं जाईन का? नाई जात. तिथं क्यामेरे हायेत. तो आडरस्त्यानं रिसोडकडे काढीन. आन् आडरस्ता कोनता? आपला. आन् आपल्या रस्त्यावर काय हाय?"

"उंट," धनराज म्हणाला.

"उंट. आन् बसकी उंटावरून उतरल्याबिगर जाते का?"

हा हिशेब इतका पक्का होता की कुणालाच त्यात खोट काढता येईना. चोर उंटाशी येणार, त्याला खाली उतरावंच लागणार, उतरला की धरायचा. पंधरावीस जण निघाले. कुणाच्या हाती काठी, कुणाच्या हाती कुऱ्हाडीचा नुसता दांडा. धनराजनं आपल्या मोटारसायकलचा राग मनात ठेवून बैलाचं दावंच घेतलं. दिवस मावळायला आला होता. नाल्याच्या दोन्ही अंगांना तूर छातीभर वाढली होती. मंडळी त्यात दबा धरून बसली. पंजाबरावांनी शेवटची सूचना दिली, "बुटकी गाडी आली का उठायचं. दुसरी कोनती आली तर जागचं हालायचं नाई."

थोड्या वेळानं मालेगावकडून दिवे दिसले. दिवे ट्रकच्या उंचीवर होते. मग पांढरीशुभ्र, उंचीपुरी, मोठ्या चाकांची एक गाडी दिसली.

"हे ते नव्हे," पंजाबराव कुजबुजले. "कोनी मोठा साहेब दिसते."

इकडे देवमन रस्ताभर याच घडीची वाट बघत आला होता. उंट दिसल्यावर पाय आपसूक ब्रेकवर गेला, 'चला, उतरा' हे शब्द ओठांपर्यंत आले. पण त्यानं मन घट्ट केलं आणि ब्रेकवरचा पाय उचलला. बसकी उंटावर चढली. पोट टेकलं नाही. खरडलं नाही. गाडी पलीकडे उतरली ती पाहुण्याला हात देऊन उतरवावं इतक्या अदबीनं. देवमनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यातून त्याला तुरीत गावातली माणसं दिसली, आणि सुकेशनीनं बातमी सांगितलेली दिसते, सगळे गाडी बघायला आले, असं त्याला वाटलं. त्यानं काच खाली करून हात हलवला.

"साहेब हात दाखवून राह्यले," धनराज म्हणाला.

पंजाबराव तुरीतून उभे राहिले आणि त्यांनी काठी काखेत धरून नमस्कार केला. बाकीच्यांनीही केला. साहेबांची गाडी गावात शिरली, आणि मंडळी बसकीची वाट बघत पुन्हा तुरीत बसली.

देवमन घरी पोचला तर दारात बायकांची गर्दी आणि सुकेशनी डोळे पुसत असलेली. तो गाडीतून जवळजवळ उडी मारूनच उतरला; ही पांढरी उंच गाडी म्हणजे बसकीच, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"अवो, तुमी धड हाय ना?" सुकेशनी म्हणाली. "गाडी उचलली ना?"

"उचलली ना. म्हनून तर आलो."

"कोनं उचलली?"

"गोविंदसिंगनं."

गोविंदसिंगकडे गावातल्या निम्म्या गाड्या जात होत्या. एक बाई म्हणाली, तोंडानं इतका गोड मानूस. दुसरी म्हणाली, गोड असते तोच असा असते. कुणीतरी नाल्याकडे धावलं, आणि पंजाबराव अंगाला तुरीची पानं चिकटलेली फौज घेऊन परत आले. देवमननं काही बोलायच्या आत त्यांनी गोविंदसिंगला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

"गोविंदसिंग, देवमनची गाडी तू उचलली म्हनते. खरं का?"

"एकदम खरं," पलीकडून आवाज आला.

"काही लाज?"

"लाज कायची? चार इंच उचलली. तुमची बी आना सरपंच, उचलून देतो."

पंजाबरावांनी हळूच मान वळवून दारातल्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. नंबर ओळखीचा होता. ज्या गाडीला आपण तुरीत उभं राहून नमस्कार घातला ती हीच, हे त्यांच्या ध्यानात आलं. पण शेवटी ते सरपंच राहिलेले. "गाडी नमस्कार करण्यासारखीच झाली," ते म्हणाले, आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले.

हसणं ओसरलं तेव्हा देवमननं आईचा हात धरून तिला गाडीपाशी आणलं. "पाय माय. आता उंटाशी उतराचं काम नाही. थेट नागपूर."

केशरबाईंनी गाडीवरून हात फिरवला. चाकांपासून टपापर्यंत पाहिलं. त्यांना गाडी आवडली होती, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यांनी लुगडं सावरून पाय उचलला. पाय पायरीपर्यंत पोचला नाही. पुन्हा उचलला. गुडघा वाटेतच थांबला. स्टूल आणलं, ते डुगडुगलं. सुकेशनीनं मागून आधार दिला, धनराजनं दावं बाजूला ठेवून हात दिला. पण गाडी चार इंच वर गेली होती आणि केशरबाईंचे गुडघे काही वर जायला तयार नव्हते.

देवमन मटकन ओट्यावर बसला. "जिच्यापायी उचलली, तिलेच बसता नाही येत," तो म्हणाला. "उद्या सकाळी नेतो परत. म्हनतो, उतरव."

"कायले उतरवतं?" केशरबाई म्हणाल्या. "तू शेतातून बंडी कशी भरतं?"

"कशी म्हंजे? धुऱ्याले लावतो."

"मंग?"

शेताच्या बांधाला, म्हणजे धुऱ्याला, बंडी मागून लावायची आणि पोतं वर न उचलता धुऱ्यावरून सरळ आत ढकलायचं, हे तर देवमन लहानपणापासून करत आला होता. केशरबाईंनी काठी नाल्याच्या दिशेला केली. "उंटाले लाव गाडी. मागून. रोज उतरवत होती तिथंच चढवू दे आता."

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या पहाटे सगळं जांभळखेड उंटावर गोळा झालं. देवमननं गाडी आधी पलीकडे नेली आणि मागे घेत घेत उंटाच्या उतारात अशी रेटली की मागचं दार बरोबर उंटाच्या पाठीला येऊन लागलं. आधीची बसकी इतकी मागे आलीच नसती, तिचं बूड कधीच टेकलं असतं. पंजाबराव, आपणच शोध लावल्यासारखे, "आनखी, आनखी, बस" असं ओरडत होते. केशरबाई पांढरं लुगडं नेसून उंटावर चालत आल्या, मागच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि बसल्या. कुणाचा हात धरला नाही. सुकेशनी सांगते, त्या वेळी त्या एखाद्या राणीवाणी दिसत होत्या, आणि जो तिथं होता तो हेच सांगतो. देवमननं खिडकीतून हात बाहेर काढून गाडीच्या पत्र्यावर दोनदा टकटक केलं. ती त्याची डबल बेल.

दुपारी नागपूरला पोचल्यावर सुकेशनीला पहिला प्रश्न सुचला. "आत्याबाई, इथं धुरा कुठून आनाचा?"

गर्दीत चहूकडे माणसं, बॅनर, पुस्तकांची दुकानं. सपाट रस्ता, उंच गाडी. देवमन घाबरून इकडेतिकडे बघू लागला. तेवढ्यात पंजाबरावांचा फोन आला. देवमननं तो कानाला लावला आणि त्याच वेळी चार स्वयंसेवक एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन मागच्या दाराशी आले. "आजी, बसा यावर," म्हणाले. केशरबाई खुर्चीवर सरकल्या आणि खुर्ची हवेत गेली.

"हां सरपंच, पोचलो," देवमन फोनवर सांगत होता, "आन् हे पाहा, आता मायले उच..."

केशरबाईंनी खुर्चीवरूनच हात लांब करून त्याचा फोन काढून घेतला. "तू बोलू नको," त्या म्हणाल्या, आणि फोन कानाला लावला. "पंजाबराव, केशर बोलून राह्यली. गाडी जाग्यावर हाय. देवमन जाग्यावर हाय. मी बी जाग्यावर हाय. कोनालेच कोनं उचललं नाही. लोकायले तुरीत बसवू नको."

त्यांनी फोन लेकाच्या हाती दिला. खुर्ची गर्दीच्या डोक्यांवरून संथपणे पुढे निघाली. समोर दीक्षाभूमीचा पांढरा घुमट उन्हात चमकत होता. केशरबाईंनी दोन्ही हात जोडले, मग खाली वाकून घामाघूम झालेल्या पोरांकडे पाहिलं.

"पहिल्या खेपेले बी अशीच आली होती मी," त्या म्हणाल्या. "पन तवा माहा बाप एकलाच पुरला होता."