नऊशेच्या घरात सोळाशेचं मशीन

मशीन घरी आलं की आपला नेमका काय फायदा होणार, हे कोसिमने बोटांवर मोजून ठेवलं होतं. पहिलं बोट, रविवारचा दीड तास. दुसरं बोट, ओयोनकाकाचं तोंड. तिसरं बोट, सतरा ऑगस्टच्या, म्हणजे आमच्या स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीतली सगळ्यात पुढची जागा. चौथ्या बोटासाठी त्याला काही सुचलं नाही. पण एवढ्या फायद्यात एक बोट रिकामं राहिलं तर बिघडत नाही, असं त्याने ठरवलं. ते रिकामं बोट पुढे कुणी भरलं, तेच सांगायचंय.

आमच्या चिकावुंगात रविवारी सकाळी निम्मे पुरुष डर्ट बाइक घेऊन चहाच्या मळ्यावरच्या रानात जातात आणि दुपारी चिखलाचे पुतळे होऊन परततात. गाड्या धुवायची शेड एकच, ओयोनकाकाची. त्याचा नियमही एकच. स्कूटर आधी, कारण ती पाच मिनिटांत निघते. डर्ट बाइक शेवटी आणि दर दुप्पट, कारण तिच्या चिखलाने त्याचं गटार तुंबतं. नियमात खोट काही नव्हती. खोट सांगण्यात होती.

"कोसिम, गाडी धुवायला आणलीस की मळा पोचवायला?" ओयोनकाकाने सगळ्या रांगेसमोर विचारलं होतं. "जरा वाफे पाडून ठेव, कोबी लावू."

रांग हसली. दूधसंघात दुधाची फॅट मोजणारा कोसिम एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी तो तेविसाव्या नंबरावर उभा होता. तो म्हणाला, "आजपासून या शेडची पायरी चढणार नाही."

ओयोनकाकाने खाली वाकून पाहिलं. "शेडला पायरी कुठंय? सरळ आत येता येतं. केव्हाही ये."

त्याच संध्याकाळी प्रेशर वॉशर, म्हणजे जोराची धार मारून गाडी धुवायचं मशीन, घ्यायचं नक्की झालं.

तिसऱ्या बोटाचं सांगायचं राहिलं. आळीचे प्रमुख हाजी एंतिस दरवर्षी स्वातंत्र्यदिनाला जाहीर करतात, ज्याची गाडी लखलखीत असेल आणि पहिल्या किकला सुरू होईल, त्याच्या हाती झेंडा आणि त्याची गाडी सगळ्यांच्या पुढे. दोन वर्षं कोसिम ढोलवाल्यांच्या टेम्पोमागे धूर खात चालला होता. त्याच्या बायकोने, इमासने, दोन्ही वर्षी मिरवणुकीचे फोटो काढले. दोन्हींत टेम्पोच आला होता. यंदा फोटोत आपण येणार, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. फार नव्हती.

जवळच्या लेंबांग गावातल्या दुकानातली मुलगी हुशार निघाली. तिने एक छोटं मशीन पुढे केलं. म्हणाली, बाइकला एवढा जोर पुरतो. पांढरं टोक लावायचं, पाणी पंख्यासारखं पसरतं. दोन हात लांब उभं राहायचं. सायलेन्सरच्या तोंडात बोळा, एअर फिल्टरवर प्लास्टिक. चाकाच्या मध्यावर आणि चेनवर सरळ धार मारायची नाही, आतलं ग्रीस निघून जातं. आणि हे लाल टोक गाडीला कधीच लावायचं नाही, ते सिमेंटच्या फरशीसाठी.

कोसिमने सगळं ऐकून घेतलं आणि त्यातून एवढाच अर्थ काढला की आपल्या कपड्यांकडे बघून ही आपल्याला छोटं मशीन दाखवतेय. त्याने वरच्या फळीवरचं मोठं मागितलं.

"हे सोळाशे वॉटचं आहे," ती म्हणाली. "घरी वीज कितीची आहे तुमच्या?"

आता आमच्याकडे हा प्रश्न साधा नसतो. घरागणिक मीटरला वॉटची मर्यादा असते, ती ओलांडली की सगळं बंद. नऊशेची वीज म्हणजे सवलतीची वीज. तेराशेची म्हणजे बरं चाललंय. बावीसशेची म्हणजे घराला टाइल्स आहेत आणि जावई बांडुंग शहरात असतो. कोसिमच्या मागे आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"बावीसशेची," कोसिम म्हणाला.

घरी आल्यावर त्याने मशीन अंगणात मांडलं, नळी जोडली, बंदूक हातात धरली आणि बटण दाबलं. मशीन एकदा खाकरलं. मग मशीन गेलं, दिवा गेला, पंखा गेला, शेजारच्या खोलीतली सासूबाईंची मालिका गेली आणि भाताचा विजेचा कुकर गेला. इमास कुकरचं झाकण उघडून आत बघत राहिली. भात धड तांदूळ नव्हता, धड भात नव्हता.

"कुकर चालू असला की मी इस्त्रीला हात लावत नाही," ती म्हणाली. "पंप चालू असला की तुम्ही पंखा बंद करता. पोरंटोरं जाणतात हे. दुकानात कुणी विचारलं नाही का, घरी वीज कितीची म्हणून?"

"विचारलं की."

"मग?"

"बावीसशे म्हणालो."

इमासने झाकण हातात तसंच धरलं. मग म्हणाली, "का?"

"मागं दोघं उभे होते."

यावर तिने झाकण परत लावलं. भांडायला उजेड तरी हवा.

कुकर बंद करून पाहिला, पंखा बंद करून पाहिला, सासूबाईंनाही बंद करून पाहिलं. मीटर ऐकेना. नऊशेत सोळाशे म्हणजे मांजराच्या पाठीवर म्हैस. बावीसशेची वीज आळीत एकाच घरी होती, आळीच्या कमानीजवळच्या हाजी एंतिस यांच्या. दुसऱ्या दिवशी कोसिम मशीन गाडीवर ठेवून, गाडी ढकलत तिकडे गेला आणि प्लग लावू का, असं विचारता झाला. हाजीसाहेब म्हणाले, त्यात काय विचारायचं, घर तुझंच आहे. मग मशीनला दोन प्रदक्षिणा घालून म्हणाले, "मशीन छानच आहे हं."

आणि ओट्याकडे बघून त्यांनी उसासा सोडला. ओट्यावर शेवाळ होतं.

आमच्या लोकांची ही रीत. तोंडाने कुणी काही मागत नाही. मागणं म्हणजे असभ्यपणा. वस्तूचं कौतुक करायचं, दुसरीकडे बघायचं आणि उसासा सोडायचा. समोरचा घरंदाज असेल तर त्याला कळतं. कोसिम घरंदाज होता. त्याने ओटा धुतला. तेवढ्यात हाजींची पाण्याची टाकी रिकामी झाली. मशीन तिथेच ठेवून, चिखलाने माखलेली गाडी ढकलत तो घरी गेला.

पुढच्या दिवशी हाजीणबाईंना मशीन छान वाटलं आणि त्यांनी सतरंजीकडे पाहिलं. त्याच्या पुढच्या दिवशी पलीकडचे शिक्षक मुद्दाम मशीन बघायला आले, दोनदा छान म्हणाले, आणि त्यांच्या कोंबड्यांचं खुराडं दोनदा छान म्हणण्याइतकंच घाण होतं. मग कुणाची पाण्याची टाकी, कुणाची भिंत, कुणाच्या शेळ्यांचा गोठा. कोसिम रोज दूधसंघातून सुटला की गाडी ढकलत हाजींच्या दारी न्यायचा, आळीतलं काहीतरी धुवायचा आणि तीच गाडी ढकलत परत आणायचा. त्याच्या कपड्यांना शेळ्यांचा वास येऊ लागला. इमासने त्याचं अंथरूण ओट्यावर टाकलं. पंधरा दिवसांत चिकावुंग इतकं स्वच्छ कधी नव्हतं. त्यात एकच घाण वस्तू उरली होती, ती कोसिमची गाडी.

सोळा तारखेला आळीचं श्रमदान होतं. सकाळीच हाजीसाहेब कमानीखाली उभे राहिले. कमानीवर दरवर्षीप्रमाणे लाल-पांढरा रंग चढला होता, आणि मधोमध मोठा आकडा होता, स्वातंत्र्याची एकोणऐंशी वर्षं. त्यावर थोडी धूळ बसली होती.

"मशीन छानच आहे," हाजीसाहेब कमानीला म्हणाले.

कोसिमचे हात दुखत होते. लवकर उरकावं म्हणून त्याने लाल टोक लावलं. कमान सिमेंटचीच, म्हणजे मुलीच्या सांगण्याप्रमाणे हे नियमातच बसत होतं. त्याने धार सोडली. धूळ गेली. धुळीबरोबर आकड्यातला नऊही गेला आणि त्याखालून गेल्या वर्षीचा आठ वर आला. आम्ही दरवर्षी जुन्यावरच रंग मारतो, हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. कोसिम दचकला, धार थोडी बाजूला घेतली, तर आठाच्या खालून सात निघाला. कडा सारख्या कराव्यात म्हणून त्याने आणखी एक फवारा मारला. शहात्तर. श्रमदान थांबलं. झाडू हातात धरून आळी वर बघत राहिली.

ओयोनकाका गटार उपसत होता. त्याने कंबर सरळ केली आणि म्हणाला, "कोसिम, आवर रे बाबा. आणखी पाच मिनिटं मारलीस, तर आपल्यावर राज्य करायला डच परत येतील."

कमान पुन्हा रंगवायला कोसिमला संध्याकाळ झाली. रंगाचा डबा शिक्षकांनी आणून दिला. छान मात्र कुणी म्हणालं नाही.

उरली सतरा तारखेची सकाळ. झेंडावंदन नऊला, मिरवणूक दहाला. सात वाजता कोसिम गाडी घेऊन हाजींच्या अंगणात हजर. पंधरा दिवसांचा वाळलेला चिखल गाडीवर विटेसारखा बसला होता. पांढऱ्या टोकाने तो जाईना. मग लाल टोक. दोन हात लांबून जाईना, मग एक वीत. बोळा कुठे ठेवला ते आठवेना, प्लास्टिक शोधायला वेळ नव्हता. चाकाच्या मध्यावर मारलं, चेनवर मारलं, सायलेन्सरवर मारलं. चिखल उडाला, स्टिकर उडाले, सीटची शिवण उसवली. पण खाली गाडी अशी निघाली, की शोरूममध्ये तिला सख्ख्या बहिणीने ओळखलं असतं.

कोसिमने कपाळ पुसलं आणि मागे वळून पाहिलं. मागे हाजीणबाईंची दोरी होती. दोरीवर हाजीसाहेबांचा झेंडावंदनाचा पांढराशुभ्र सदरा होता. आता त्याच्यावर चहाच्या मळ्याचा अख्खा नकाशा होता.

हाजीसाहेब दारात आले. सदऱ्याकडे बघितलं, कोसिमकडे बघितलं. आमच्याकडे मोठी माणसं ओरडत नाहीत. ते म्हणाले, "असू दे. बाटिकचा आहे दुसरा," आणि आत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं कोसिमला पुढे आठवडाभर वाटत होतं.

दहा वाजता सगळ्या गाड्या कमानीखाली उभ्या राहिल्या. कोसिमच्या गाडीइतकी कुणाचीच चमकत नव्हती, हे ओयोनकाकानेही कबूल केलं. बाटिक घातलेल्या हाजीसाहेबांनी झेंडा हातात घेऊन मान हलवली. इमासने फोन वर धरला. कोसिमने किक मारली.

गाडीने सायलेन्सरमधून एक ग्लासभर पाणी टाकलं.

दुसऱ्या किकला अर्धा ग्लास आला. सातव्या किकला काहीच आलं नाही, पाणीही नाही, आवाजही नाही. नियम पहिल्या किकचा होता. हाजीसाहेब सातव्यापर्यंत थांबले, ही त्यांची माणुसकी. मग त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. शेवटी ओयोनकाकाची एकतीस वर्षांची मोपेड उभी होती. तो ती रोज सकाळी बादली आणि स्पंजने पुसतो. एका किकला ती सुरू झाली. ती नेहमीच होते.

ओयोनकाका झेंडा घेऊन पुढे गेला. ढोलवाल्यांचा टेम्पो त्याच्यामागे गेला. कोसिम गाडी ढकलत टेम्पोमागे निघाला आणि धूर खाऊ लागला. पुढचं चाक कुईकुई करत होतं, कारण आतलं ग्रीस हाजींच्या अंगणात राहिलं होतं. इमासने फोटो काढला. यंदाच्या फोटोत तो टेम्पोच्या चाकाशेजारी थोडासा दिसतो.

भिजलेलं एअर फिल्टर वाळवायला हवेचा पाइप लागतो. तो साऱ्या चिकावुंगात एकाच ठिकाणी आहे. दुपारी कोसिम शेडसमोर गाडी धरून उभा राहिला. आत जाईना, परतही फिरेना.

"ये ना," ओयोनकाका आतून म्हणाला. "पायरी नाहीये."

ओयोनकाकाने फिल्टर काढून वाळवलं, सायलेन्सरमधलं पाणी काढलं, चाक खोलून ग्रीस भरलं. तासभर तो एक शब्द वाकडा बोलला नाही. कोसिमने खिशात हात घातला, तर त्याने नको म्हटलं, सणाचा दिवस आहे. मग हात पुसत तो दाराशी गेला, हाजींच्या अंगणाकडे बघत म्हणाला, "तुझं ते मशीन छानच आहे हं."

आणि शेडच्या विजेच्या मीटरकडे बघून उसासा सोडला. मीटर साडेतीन हजाराचं होतं.

कोसिम घरंदाज होता. मशीन आता तिथे आहे. लाल टोक ओयोनकाकाने गटाराच्या जाळीला तारेने बांधून ठेवलंय, पांढऱ्यानेच धुतो, दोन हात लांबून.

तेव्हा हिशेब असा झाला. रिकामं चौथं बोट ओयोनकाकाने भरलं. हाजीसाहेबांचा एक सदरा गेला आणि पंधरा दिवसांची वीज गेली. शिक्षकांचा रंगाचा डबा गेला. इमासचा एक कुकर भात गेला. कमानीची तीन वर्षं गेली, ती परत रंगवून घेतली. मशीनचे पैसे कोसिमने भरले, आणि दर रविवारी तो त्याच मशीनसाठी रांगेत उभा राहतो, स्कूटरी झाल्या की. परवा त्याने घसा खाकरून विचारलं होतं, निदान आपल्याला तरी दर साधा लावता येईल का.

ओयोनकाकाने विचार केला आणि म्हणाला, "मशीन तुझं आहे, कबूल. पण गटार माझं आहे."

कोसिमने दुप्पट पैसे मोजून दिले.