सगुणाबाईंच्या बाजूचं दार

हैबतरावांनी म्हैस गाडीच्या दाराला बांधली, ती फक्त दोन मिनिटांसाठी. गोठ्यातला खुंटा उपटून आला होता, तो ठोकायला दगड शोधायचा होता, आणि दावं अडकवण्यासारखं जवळपास दुसरं काही नव्हतं. (झाड होतं. पण ते चार पावलं लांब होतं.) नेमका तेव्हाच रस्त्यावरून कुणाच्या तरी वाढदिवसाचा डीजे गेला. हैबतराव दगड घेऊन परतले तेव्हा म्हैस उकिरड्यावर उभी होती आणि तिच्या दाव्याला डाव्या दाराचं हँडल लोंबत होतं.

गाडी सगुणाबाईंची होती. कासार आंबोलीतल्या घरामागच्या खोल्या भाड्याने देऊन आणि तिथे राहणाऱ्या कंपनीतल्या पोरांना डबे करून करून बाईंनी ही सेकंडहँड गाडी घेतली होती. हैबतराव नुसते ड्रायव्हर. बाई ती रोज स्वतः पुसत आणि "म्हशीला गाडीपासनं लांब ठेवा" हे नवऱ्याला रोज बजावत. आता हे सांगायचं कोणत्या तोंडाने? साठीच्या माणसाला बायकोची बोलणी खायची भीती वाटते म्हटलं तर लोक हसतील, पण वाटते. हैबतरावांनी गोंदाची ट्यूब आणून हँडल जागच्या जागी चिकटवून टाकलं. दिसायला झकास. फक्त ओढायचं नाही.

म्हणजे बाईंना ओढू द्यायचं नाही! दुसऱ्या दिवशी बाजाराला निघताना हैबतराव पुढे धावले, स्टिअरिंगमागे घुसले, सीटवर अख्खे आडवे झाले आणि बाई पोचायच्या आत त्यांचं दार आतून उघडलं.

"बस," ते धापा टाकत म्हणाले.

सगुणाबाई बघतच राहिल्या. उभ्या संसारात या माणसाने त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्यासुद्धा भरला नव्हता. पदर सावरून त्या बसल्या आणि पौड येईपर्यंत गालातल्या गालात हसत राहिल्या.

बातमी गिरणीपासून भजनी मंडळापर्यंत पोचली. हैबतराव बायकोला दार उघडून देतो! बाया मुद्दाम बघायला फाटकाशी उभ्या राहू लागल्या. जाऊ गंगूबाई, जिच्या तोंडून सगुणाबाईंबद्दल चांगला शब्द कधी निघाला नव्हता, तीसुद्धा म्हणाली, "नशीब काढलंस बाई." त्या दिवशी हैबतरावांच्या ताटात न मागता तूप पडलं.

फक्त पुरुषमंडळी खवळली. "आरं, काय चाललंय तुजं?" दोस्त कुशाबाने त्यांना पारावर गाठलंच. "माज्या घरात उठता बसता तुजं नाव! काल बायकोनं मला रिक्षाचं दार उघडाया लावलं."

"रिक्षाला कुटं दार असतंय?"

"तेच तर म्हनतोय!"

शिवाय रोज आडवं पडून हैबतरावांच्या कमरेत उसण भरली. शेवटी त्यांनी भूगावच्या अलीकडचा जुन्या पार्टवाला गाठला.

"कौनसी साइड का?" त्याने विचारलं.

"बायकोच्या साइडचं."

ढिगातून एकच हँडल निघालं आणि तेही लालभडक. गाडी पांढरी. पण खोल्यांना मारून उरलेला पांढरा रंग घरात होताच. बाई हळदीच्या कार्यक्रमाला गेल्याची संधी साधून हैबतरावांनी मोबाइलवरचा व्हिडिओ बघत दाराचा आतला पत्रा खोलला, कांड्या जोडल्या आणि रंगवलेलं हँडल बसवलं. दोन स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली. (कंपनीवाले जास्तीचं घालतात, असं म्हणून त्यांनी ती खिशात टाकली.) बाहेरून ओढून पाहिलं. खट्! दार उघडलं. आतून उघडतं का, हे बघायचं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भूगावच्या कार्यालयात लग्न होतं. सगुणाबाई ठेवणीतली पैठणी नेसून गाडीपाशी येऊन थांबल्या. हैबतराव आत ऐसपैस बसले होते.

"दार," बाई हळूच म्हणाल्या.

"वढ की! उघडतंय."

बाईंनी दार उघडलं, त्या बसल्या आणि भूगावपर्यंत खिडकीकडे तोंड करून राहिल्या. हैबतरावांना चुटपुट लागली. दार दुरुस्त झालं आणि दुसरंच काहीतरी बिघडलं, एवढं त्यांना कळत होतं. पण कमरेला फार बरं वाटत होतं.

कार्यालयापाशी गाडी लावून ते उतरले आणि कुशाबाकडे निघाले, तोच मागून धडाधड आवाज आला. सगुणाबाई काचेवर थापा मारत होत्या. आतली खिट्टी त्यांच्या हातात नुसतीच लुळी हलत होती. आणि समोर, कार्यालयाच्या दारात, गंगूबाई सगळ्या बायांना घेऊन उभी.

सगळ्या पाहुण्यांसमोर बाईंचा पाणउतारा होणार! कमर विसरून हैबतराव बॉनेटला वळसा घालत धावले आणि बाहेरून दार उघडलं. पैठणीत बाईंचा पाय अडखळला, म्हणून त्यांचा हातही धरला.

बाया एकमेकींना कोपरखळ्या मारू लागल्या.

"आगं बया," गंगूबाई म्हणाली, "आता तर उतरून येतोय गं!"

सगुणाबाई मंत्रीणबाईंसारख्या मान ताठ करून आत गेल्या. पहिल्या पंगतीत त्यांना जागा करून दिली गेली, आणि जिलबीचा आग्रह खुद्द गंगूबाईने केला.

परतताना मात्र हैबतरावांना राहवेना. "अगं, त्ये हँडल…"

"ठाव हाय. बाजाराच्या दुसऱ्याच सकाळी गाडी पुसताना हातात आलंवतं. म्याच परत चिकटवलं. तुमी वाकडं बसिवलं व्हतं."

हैबतरावांनी गाडी कडेला घेतली. "मंग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते, तर तुमी परत दार उघडलं असतं व्हय?"

हैबतराव ओशाळून हसले, बाईही हसल्या, आणि इतक्या वर्षांनी त्यांना आपली बायको नव्याने आवडली. घरी पोचल्यावर ते न सांगता उतरले, वळसा घालून आले आणि दार उघडलं. बघायला कुणीही नव्हतं, तरी बाई लाजल्या.

हैबतरावांनी आतली लुळी खिट्टी हलवून पाहिली. "उद्या मेकॅनिककडं नेतो. समदं पक्कं करून घेतो."

"काय नगं," बाई उतरत म्हणाल्या. "पुढल्या हप्त्यात माजी आई येतीया. ती मागं बसती. तेवढं मागलं दार बी तुमीच दुरुस्त करा. मेकॅनिककडं नेऊ नगा, त्यो नीट करून ठेवंल."