पैलगडच्या अणूचे सुतक

जो दिसत नाही आणि तरी धरून ठेवतो, त्यास नमन करून झाले ते लिहितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष शुद्ध पंचमी. ते दिवशी पैलगडाहून जासूद धाकोजी ऐलगडी आला आणि मैनाबाई चौकीवरच वारल्या असे कळले.

मैनाबाई पैलगडच्या अणुशाळेच्या रक्षक, आणि त्यांचे यजमान सुभानजी ऐलगडच्या शाळेचे. तेथे प्रकाशाचा पिंजरा करून एकेक अणू धरीत आणि असा गारठवीत की त्याची हालचाल सरत येई. मग दोन गडांच्या दोन अणूंची गाठ घालीत. गाठ अशी की, एक पाहिला आणि उभा निघाला तर दुसरा उलटाच निघावा. आणि न पाहता कोण कसा, हे अणूसही ठाऊक नसावे. आणि उजेड पडून पाहणे झाले की गाठ सुटावी. यास्तव शाळेत अंधार राखण्याची सक्त आज्ञा होती. शेवटली गाठ नवराबायकोंनी घातली होती.

सुभानजींनी धाकोजीस विचारिले, "मग काय केलेत?"

"रीतीप्रमाणे केले, धनी. बाई पडल्या तेथेच पिठावर दिवा लाविला."

"अणुशाळेत?"

"प्राण तेथे गेला, तर दिवा काय वेशीवर लावावा?"

"पिंजऱ्याचे झाकण उघडे होते की बंद?"

"निघताना सगळी झाकणे लाविली. आधीचे कोण जाणे? आम्ही बाईंकडे बघत होतो."

झाकण उघडे असेल तर दिव्याने गाठ नेली, आणि बंद असेल तर ती आहे. आणि आपल्या अणूकडून ते कळावे, तर खबर देण्याचा गुण त्या गाठीत मुळीच नाही.

दिवाण आले आणि म्हणाले, "उघडून बघा की! अणूचेही सुतक धरिता काय?"

"सरकार, एकट्याचे पाहून काही कळत नाही. दोन्हींकडचे उत्तर शेजारी-शेजारी मांडावे लागते. आणि गाठ असलीच, तर ती माझ्या हाताने सुटेल."

"आणि न पाहाल तर?"

"तर ऊब शिरून आपोआप जाईल. केव्हा गेली, तेही कळणार नाही."

सुभानजी झाकणापाशी गेले आणि हात लाविला आणि काढून घेतला, आणि आपल्या श्वासाची ऊब लागेल म्हणून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

एकंदर हकीकत इतकीच. मैनाबाईंचे तेरावे झाले. पिंजऱ्याचा गारठा रोज थोडा ओसरतो. ऐलगडचा अणू पाहिलेला नाही, पैलगडचा कोणी पाहून कळविलेला नाही, आणि दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी मांडणे राहिले आहे.